खुनी गिरणेच्या पुलाआधी सापडता कामा नये

एकाच गाडीत रोज सकाळ-संध्याकाळ तीच पाच माणसं बसली की किस्से आपोआप साचतात. सीटखाली शेंगांची टरफलं साचतात तसे. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण झाडायला घेतलं की पसाभर निघतात. आमचे किस्से ऐकून माझे मित्र लोळून हसतात. मीही हसतो. फक्त सांगताना माझे तळहात ओले होतात, कारण प्रत्येक किस्सा म्हणजे एकदा थोडक्यात वाचलो, एवढाच त्याचा अर्थ!

गाडी नानांची. नाना आमच्याच कॉलनीतले. जन्मभर ट्रक चालवला, आता म्हातारपणी सात सीटची गाडी घेऊन धुळ्याहून जळगावला नोकरीवाल्यांची ने-आण करतात. त्यांच्या शेजारी पुढे पाटील सर. एका ज्युनियर कॉलेजात शिकवतात आणि गाडीतसुद्धा आम्हाला सुट्टी देत नाहीत. मधल्या सीटवर अक्का, खासगी दवाखान्यात नर्स. त्यांच्या बाजूला रफिकभाई, सराफ बाजारात दागिन्यांना पॉलिश करतात. सगळ्यात मागे मी. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, आता पाइपांच्या गोडाऊनला बिलं फाडतो. गाडीत मला नावाने कुणी हाक मारत नाही. ‘ए इंजिनियर’ म्हणतात. जे सोडलं तेच कपाळाला चिकटवलं लेकांनी!

आणि नाना गाडी चालवताना झोपतात.

•

पहिल्यांदा कळलं ते धुळ्याजवळच्या फागणे गावाच्या पुढे. जळगावकडे जाताना सकाळचं ऊन समोरून येतं आणि परतताना संध्याकाळचंही समोरूनच. वर नानांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा गॉगल. त्यामुळे ते डोळे बारीक करतात की मिटतात, हे आरशातून काही कळत नाही.

गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. पांढरा पट्टा ओलांडला. चाक मातीत उतरलं, धाडधाड झालं, अक्कांचा डबा मांडीवरून खाली आणि रफिकभाईंचं डोकं काचेवर! नानांनी झटक्यात गाडी वर घेतली.

“मी जागाच शे!” नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. कुणी काही विचारलंही नव्हतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाटील सर म्हणाले, “नाना, रस्ता फारच खराब करून ठेवलाय हो यांनी!”

रस्ता नवा कोरा होता. सायकल शिकावी असा!

•

संध्याकाळी उतरल्यावर मी अक्कांना विचारलं, “आपण बसने का नाही जात?”

“बस स्टँडला सोडते रे,” अक्का म्हणाल्या. “तिथून परत रिक्षा. नाना कसे, थेट दवाखान्याच्या दारात सोडतात.”

ते मला पटलं. दारातून आत चालत जायचं की स्ट्रेचरवर, एवढाच प्रश्न होता!

घरी बापाला सांगितलं. बाप म्हणाला, “त्यांनी आसामपर्यंत ट्रक नेलाय. तुझं वय नाही तेवढी त्यांची ड्रायव्हिंग. गप बसायचं गाडीत.” बाप स्वतः नानांच्या गाडीत एकदाही बसलेला नाही.

•

गाण्यांनी नाना जास्तच झोपतात, हे लवकर लक्षात आलं. उपाय सापडला तो चुकून. एकदा माझ्या फोनला हेडफोनची वायर नीट लागली नव्हती आणि मी ऐकत होतो तो खुनाच्या तपासाचा पॉडकास्ट भर गाडीत वाजला. बंद करणार, तोच नाना ताठ बसले.

“दीरनी करेल शे खून!” नाना म्हणाले. “त्या बाईले काय इचारी राह्यनात? दीरले धरा ना!”

एरंडोल आलं, पाळधी आली, नाना फोनशी भांडतच होते. डोळे टक्क उघडे असणार, कारण गाडी पट्ट्याच्या आत होती. जळगावला उतरल्यावर रफिकभाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

त्या दिवसापासून माझा फोन डॅशबोर्डवर आणि मी मागच्या सीटवर! पुढची सीट सरांची. ती मागायची नसते.

•

मग सगळ्यांनाच पॉडकास्टचा नाद लागला. सरांनी अध्यात्म आणि इतिहासाचे चॅनेल आणले, अक्कांनी आजारांचे, रफिकभाईंनी शायरीचे आणि सोन्याच्या भावाचे. नानांना खून आणि राजकारण. सगळं माझ्या एकट्याच्या फोनवर सबस्क्राइब! फोन म्हणजे आठवडी बाजार झाला.

पहिलं अ‍ॅप फुकटचं होतं. जो भाग नवा, तो आधी वाजणार, मग तो कुणाचाही असो. शिवाय त्यात एक सोय होती, माणूस बोलताना थांबला की ती शांतता कापून टाकायची आणि बोलणं दीडपट वेगाने ऐकवायचं. सर म्हणाले, “लाव, वेळ वाचेल.”

लावलं. निवेदक धाप लागल्यासारखा बोलायला लागला. आणि दोन-चार मिनिटांत मला जाणवलं की बाहेरची झाडंही पळायला लागलीत. नानांचा पाय त्या आवाजाबरोबर खाली जात होता! एक ट्रक मागे पडला, एक बस मागे पडली. अक्का सीटचा कोपरा धरून कसलं तरी स्तोत्र पुटपुटत होत्या.

रफिकभाई मागे वळून मला म्हणाले, “अरे इंजिनियर, त्या बोलणाऱ्याला सांग ना बाबा, जरा आहिस्ता बोल!”

बोलणाऱ्याला सांगायचं. चालवणाऱ्याला नाही!

•

मग अ‍ॅप बदलायचं ठरलं आणि एरंडोलच्या चहाच्या टपरीवर बैठक बसली. नाना पंपावर डिझेल भरायला गेले होते. सरांनी बोटांवर मोजत मुद्दे मांडले. चॅनेल भरपूर असले तरी गोंधळ होता कामा नये. प्रत्येकाच्या आवडीला न्याय मिळाला पाहिजे. जाहिराती नकोत.

“सर,” मी म्हणालो, “अ‍ॅप कशाला? नानांना सांगा ना, की तुम्ही झोपता.”

सगळे चहात बघायला लागले.

“वडीलधाऱ्या माणसाला असं तोंडावर बोलतात का?” सर म्हणाले. “संस्कार नावाची गोष्ट आहे.”

“मग मी चालवतो गाडी. लायसन आहे माझ्याकडे.”

यावर मात्र तिघंही एकदम बोलायला लागले. अक्का म्हणाल्या, नको रे, अजून लहान आहेस. रफिकभाई म्हणाले, नानांना वाईट वाटेल. आणि सर म्हणाले, “तू? तू कॉलेज अर्ध्यात सोडलंस, उद्या आम्हाला रस्त्यात अर्ध्यात सोडशील!”

झोपलेला म्हातारा चालेल, जागा पोरगा नको. हे ज्यांना पटतं त्यांना मी शहाणं समजायचं!

•

दुसरं अ‍ॅप सरांच्या पसंतीचं. त्यात न्याय होता. प्रत्येक चॅनेलचा एकेक भाग आळीपाळीने आपोआप लागायचा. खून झाला की सोनं, सोन्यानंतर मूळव्याध.

पारोळ्याच्या अलीकडे पाळी आली सरांच्या अध्यात्माची. बासरी वाजली. एक बाई मधासारख्या आवाजात म्हणाली, “आता आपण विश्रांतीत प्रवेश करणार आहोत. डोळे अलगद मिटा.”

फोन पुढे, मी मागे, मधे दोन माणसं.

“खांदे सैल सोडा,” बाई म्हणाली. नानांचे खांदे खाली आले.

“सर!” मी ओरडलो. “सर, बंद करा ते!”

सर ऐकेनात. कारण सरांनी डोळे मिटले होते! सांगितल्याप्रमाणे!

“दोन्ही तळवे मांडीवर ठेवा. वरच्या दिशेला.”

नानांचा डावा हात गिअरवरून उठला आणि मांडीवर येऊन उताणा पडला. उजवा अजून स्टीअरिंगवर होता. मी त्या हाताकडे बघत होतो. आयुष्यात कशाकडे इतकं बघितलं नाही. त्याची बोटं एकेक करून सैल व्हायला लागली.

अक्कांनी किंकाळी फोडली. वॉर्डात पेशंट गेल्यावर नातेवाईक फोडतात तशी. नानांनी ब्रेक दाबला, मागून हॉर्नचा गदारोळ, कुणी आई-बहीण काढत बाजूने गेलं.

सर जागे झाले. इकडे-तिकडे बघत म्हणाले, “पाहिलंत? किती गुंगवून टाकतात बाई!”

•

तिसरं अ‍ॅप मी निवडलं, कुणालाही न विचारता. यात चॅनेलांचे गट पाडता येतात आणि आधी कुठला गट वाजणार तेही ठरवता येतं. मी दोनच गट केले. एकाचं नाव ‘नाना’, दुसऱ्याचं ‘बाकीचे’. ‘नाना’ गटाचे भाग घरच्या वायफायवर आपोआप उतरून राहतात, म्हणजे रेंज गेली तरी खून थांबत नाही. ‘बाकीचे’ गट गाडी उभी असेल तेव्हाच! सर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फार छान गेले ते दिवस.

मग नवी भानगड. नानांना खुनी कळला की नाना झोपतात! उत्सुकता संपली की मान खाली. एकदा मुक्टी गावाजवळच आरोपी पकडला गेला आणि पुढचा भाग सुरू होईपर्यंतच्या एका जाहिरातीत गाडी दुभाजकाच्या इतकी जवळ गेली, की रफिकभाईंनी काचेतून हात काढला असता तर कण्हेरीची फुलं तोडता आली असती.

तेव्हापासून मी रोज भाग आधी स्वतः ऐकतो. खुनी कितव्या मिनिटाला सापडतो ते बघतो, लांबीचा हिशेब करतो आणि क्रम लावतो. नियम एकच. सकाळी जाताना खुनी गिरणेच्या पुलाआधी सापडता कामा नये. पूल ओलांडला की जळगावची गर्दी सुरू होते आणि गर्दीत नाना शिव्या देण्यात जागे राहतात.

माझ्या गोडाऊनच्या मालकाला वाटतं, मला पोलिसात जायचंय.

•

आणि हा मागच्या आठवड्यातला.

परतताना एरंडोलला चहाला थांबलो. ऊन समोर, तिरपं. नाना पाण्याने काच पुसत होते. मी डॅशबोर्डवरचा फोन काढला आणि खिशात घातला.

“काय रे?” सर म्हणाले. “लाव की.”

“नाही लावणार,” मी म्हणालो. “मला रोज रात्री खून ऐकून झोप येत नाही. आणि दिवसा इथे बसून माझा जीव जातो. आज कुणीतरी नानांना सांगा, मगच लावतो.”

“हळू बोल!” अक्का म्हणाल्या. त्यांचा चहा बशीत सांडला होता. म्हणजे भीती त्यांनाही होतीच. रोज होती.

नाना फडकं पिळत जवळ आले. “काय सांगानं शे?”

रफिकभाई चपलेने माती उकरायला लागले. सर म्हणाले, “काही नाही नाना, अ‍ॅप बंद पडलंय त्याचं.”

“नाना,” मी म्हणालो, “तुम्ही गाडी चालवताना झोपता.”

टपरीवाल्यानेसुद्धा स्टोव्ह बारीक केला. मला वाटलं, आता कानफटात बसणार. नानांनी गॉगल काढला. डोळे लाल होते, पाणावलेले, आणि आम्ही ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघत होतो.

“माले माहीत शे,” नाना म्हणाले.

“माहीत आहे?” सरांचा आवाज चिरकला. “मग हो, मग आम्हाला कशाला...”

“एकलाले भ्याव वाटस ना, सर,” नाना म्हणाले. “एकला बठनू का डोळा लागस. म्हनीसन तर तुमले बठाडस गाडीमा.”

म्हणजे एकट्याने भीती वाटते, डोळा लागतो, म्हणून नानांनी आम्हाला गाडीत बसवलं होतं! मी हात पुढे केला आणि किल्ली मागितली. नानांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग सरांकडे, जणू हा पोरगा काय मागतोय ते सरांनी समजावून सांगावं. मग त्यांनी गॉगल पुन्हा चढवला, चालकाचं दार उघडलं, आत बसले. इंजिन सुरू झालं.

त्यांनी काच खाली घेतली.

“येतस का तुम्ही?” नानांनी विचारलं. “का मी एकलाच जाऊ?”