सोबतचं माणूस

पाच-सहा वर्षं झाली, पण लातूरच्या त्या दवाखान्यातल्या बाकावरची मावशी अजून डोळ्यांपुढे आहे. ती रेणापूरला बांगड्या भरायची. माणसाच्या तोंडाआधी मनगटाकडं बघायची. आतड्याच्या दुर्बीण तपासणीला एकटीच आली होती.

"पोट साफ करायचं औषध एका दमात न्हाई प्याले," ती मला सांगत होती. "निम्मं काल, निम्मं पहाटं. एस्टीत पंचाईत नको म्हणून कालच येऊन धर्मशाळेत ऱ्हायले."

नर्सनं विचारलं, "मावशी, गुंगीचं इंजेक्शन घ्यायचं, की जागेपणीच करायचं? गुंगी घेतली तर सोबत माणूस पाहिजे."

"मग जागीच ऱ्हाते," ती हसून म्हणाली. पण बाकाची कड तिनं घट्ट धरली होती.

त्या काळात मी रुग्णहक्कांची पत्रकं वाटत फिरायचो. तावातावानं एक तिच्या हाती दिलं. "मावशी, त्रास सोसायचा नाही. गुंगी मागणं हा तुमचा हक्क आहे."

तिनं ते सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "लई चांगलं लिव्हलंय बाळा. पर सोबतचं माणूस कुठं हाय ह्यात?"

पुढं मी पुष्कळ पत्रकं लिहिली. हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय एकही छापायला दिलं नाही. त्या दिवशी मी पत्रकांचा गठ्ठा बाकाखाली सारला आणि नर्सनं पुढं केलेल्या गुंगीच्या कागदावर सही केली.

"सांजपतूर बसावं लागंल," मावशीनं बजावलं. मी बसलो.

दुपारी तिला बाहेर आणलं. शुद्ध आली का बघायला नर्सनं माझ्याकडं बोट दाखवलं. "मावशी, हे कोण?"

तिचे डोळे अर्धे मिटलेलेच होते. "माझ्यासंगं आलाय," ती म्हणाली.