गाँगच्या आधीची फट

वेनिंग दिवसा हॉटेलांच्या वेबसाइट बनवायची आणि उरलेल्या वेळात आवाजांची चित्रं काढायची. जावा बेटावरच्या बांतुलकडच्या तिच्या गावात या उद्योगाला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण नेमकं काय चाललंय हेच कुणाला कळत नव्हतं. आवाज रेकॉर्ड करायचा, तिने लिहिलेल्या प्रोग्रामने त्यातला ठोका न् ठोका मोजायचा आणि प्रत्येक ठोक्याचा एक ठिपका मांडायचा. भाताच्या गिरणीचं चित्र पाहून शेजारीण म्हणाली होती, "छान जमलंय गं. कुठल्या टाक्याचं?"

गावच्या गामेलान मंडळाचा, म्हणजे काशाच्या वाद्यांच्या ताफ्याचा, वाढदिवस आला तेव्हा मंडळींनी तिलाच पकडलं. मंडपात लावायला आपल्या वादनाचं कापडावर छापलेलं चित्र हवं म्हणाले. मंडळात गाँग, ती टांगलेली मोठी थाळी, वाजवायचे तिचे वडील, कार्सोनो. गामेलानचं आवर्तन गाँगवर संपतं. तो पडला नाही तर बाकीच्यांनी कितीही बडवलं तरी सगळं अधांतरीच.

तिने मंडळाची जुनी-नवी रेकॉर्डिंगं प्रोग्रामात घातली. एका आवर्तनाचं एक वर्तुळ, जुनी आत, नवी बाहेर. चित्र उमटलं आणि तिने ते मोठं करून पाहिलं. गाँग जरा रेंगाळूनच पडायचा असतो, त्यातच त्याची शोभा. पण त्याच्याआधीची फट वर्षागणिक रुंदावत गेली होती, आणि फटीअलीकडचे इतरांचे ठिपकेही पांगले होते. सगळे हात आखडून थांबत होते. वडिलांना, तिच्या बापाकना, नीट ऐकू येत नव्हतं. घरी हाक मारली की ते ओ देत नाहीत, हा त्यांचा स्वभाव, असं ती धरून चालली होती. मंडळाला मात्र ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्याला तोंडावर असलं कोण सांगणार? त्यापेक्षा सगळ्यांनी हळू वाजवलेलं बरं.

चित्र लागलं की बापाकना कळणार, आणि गाँग त्यांच्या हातून जाणार. फट बुजवायला प्रोग्रामात एक ओळ पुरे होती. वेनिंगने ती लिहिली आणि ते गुळगुळीत चित्र वडिलांपुढे धरलं.

"कुणाचं हे?"

"तुमच्याच मंडळाचं, बापाक."

"आम्ही कधीपासून इतके शहाणे झालो?"

तिला खोटं रेटवेना. तिने खरं चित्र काढलं. कार्सोनोंनी वर्तुळांवरून बोट फिरवलं. "ही फट माझी?"

तिने मान डोलावली.

"आणि हे पांगलेत ते?"

"थांबतात ते. तुमच्यासाठी." तिने प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं.

त्यांनी चित्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी ढोलकीवाल्या तुगिमानच्या खांद्याकडे बघून वाजवतो. हल्ली तो खांदाच सावकाश पडतो. मला वाटलं, थकला बिचारा. म्हणून मीच त्याला सांभाळून घेत होतो."

वेनिंगला हसू आलं, आणि गलबलूनही आलं.

"हेच लाव," ते म्हणाले.

कार्यक्रमाला सगळ्यांनी चित्राच्या रंगाचं कौतुक केलं. कापड धुतल्यावर आटेल का, एवढंच तुगिमाननी विचारलं. मग कार्सोनोंनी गाँगची मोगरी सुरोतोच्या हातात दिली. मंडळातलाच हा सुरोतो कोपऱ्यावर शेवया विकायचा. "मला ऐकू येत नाही. आता तू."

"छे हो, असेल जरा कमी," तुगिमान त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणाले. मोगरी मात्र कुणी परत दिली नाही.

वादन सुरू झालं. सुरोतोने मोजून, अगदी वेळेवर गाँग वाजवला. पण बाकीचे सवयीने थांबले होते. गाँग भलत्याच जागी कोसळला आणि अख्खं मंडळ हसत सुटलं. कार्सोनोंनी हसणारे चेहरे पाहिले, लेकीकडे वळले. "काय झालं?"

"गाँग लवकर पडला, बापाक."

"कुणाला विचारून?"

ते उठले आणि सुरोतोच्या शेजारी जाऊन बसले. वादन पुन्हा सुरू झालं. त्यांची नजर तुगिमानच्या खांद्यावर होती. खांदा खाली आला, त्यानंतरही ते क्षणभर थांबले, मग सुरोतोच्या गुडघ्यावर त्यांनी हलकेच थाप मारली. गाँग पडला तेव्हा सगळे तिथे पोचले होते.