‘हो’ दाबलं, आता चहा आना!

हसा, मनसोक्त हसा, पण आधी पूर्ण ऐकून तर घ्या! मी जो घोळ घातला ना, तसा घोळ घालायला नुसतं अज्ञान पुरत नाही, सोबत चांगले संस्कारही लागतात.

तर मी वेबसाइट बनवते. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरमध्ये, घरात बसून. कुठं शिकले? कुठंच नाही! पोरीला झोळीत टाकायचं, एका हातानं दोरी ओढायची आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर फुकटचे हिंदी व्हिडिओ बघायचे, हेच माझं कॉलेज. व्हिडिओतले सर म्हणायचे, ‘समझ में नहीं आया तो भी लिख दो, आगे समझ जाओगे.’ मी आज्ञाधारक. लिहीत गेले. समजायचं मात्र राहूनच गेलं.

सासूबाईंनी माझ्या धंद्यासाठी अख्खी बैठकीची खोली देऊन टाकली. सोफा आत गेला, टेबल बाहेर आलं. पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसतात, काय करता! शेजारणींना आई ऐटीत सांगायच्या, ‘सून कंपनी काढून राह्यली.’ कंपनीत मी एकटीच, पण ऐकायला बरं वाटायचं.

पहिलं काम मिळालं गजूभाऊंचं. हे आमच्या यांचे मित्र. बसस्टँडजवळ त्यांचं बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, गाद्या, भांडी, सगळं भाड्यानं. लग्नसराई तोंडावर आलेली. काम जमलं तर बाकीची दुकानं माझ्याकडे येणार, आणि बिघडलं तर ‘वर्षावहिनीचं काही खरं नाही’ हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळणार. आईंना सोफाही परत बैठकीत ओढावा लागणार!

साइट तयार झाली. मांडवाचे फोटो असे लावले होते की पाहणाऱ्याला पुन्हा लग्न करावंसं वाटावं. आणि मग मला आठवलं, मोठमोठ्या साइट उघडल्या की आधी एक चौकोन येतो. कुकीज चालतील का म्हणून विचारतात. हो किंवा नाही दाबायचं. आता कुकी म्हणजे बिस्कीट, एवढं इंग्रजी तर मला येतं ना! मला वाटलं, काय सुंदर रीत आहे! दारात आलेल्या माणसाला आधी काही घेता का विचारायचं. देत कोणीच नाही म्हणा, पण विचारलं तर खरं!

आईंना दाखवलं. त्यांनी नाक मुरडलं.

‘नुसतं बिस्कीट?’

‘सगळेच विचारतात आई.’

‘ते शहरातले विचारत असतीन. आपल्याकडं पाहुन्याले कोनी कोरडं बिस्कीट देते काय वो? चहा काहून नाही?’

पटलं! मी चौकोन टाकला, ‘या, बसा. चहा घेता काय?’ खाली दोन बटनं. ‘हो, मांडा’ आणि ‘नको, आत्ताच झाला’. ‘हो’ दाबलं की उत्तर यायचं, ‘आनतोच! तवर मांडव पाहा.’

गजूभाऊंनी साइट पाहिली, खूश झाले. चौकोनात त्यांनी ‘नको’ दाबलं. ते आमच्याकडे नुकताच चहा प्यायले होते ना!

दोन दिवसांनी त्यांचा फोन.

‘वहिनी, लोकं चहा मांगून राह्यले!’

‘मग द्या ना, भाऊजी.’

‘अवो, दुकानात येऊन बसले! म्हनते, आमी हो दाबलं, आता चहा आना. एक जन तं साखर कमी सांगून राह्यला! मी मांडव देतो का हाटेल चालवतो?’

‘अहो, ते नुसतं विचारायचं असतं. पाजायचं नसतं.’

मग गजूभाऊ हळूच म्हणाले, ‘वहिनी, आपल्याकडं चहा विचारून न पाजनाऱ्याले लोकं काय म्हनते, तुमाले मालूम हाय ना?’

माझं धाबं दणाणलं. धावत जाऊन लॅपटॉप उघडला, म्हटलं तो चौकोन आधी उडवावा. घाईत काय दाबलं देव जाणे, मांडवाचे सगळे फोटो उडाले! चौकोन जागच्या जागी! आता अख्ख्या साइटवर वर दुकानाचं नाव आणि खाली एकच प्रश्न, ‘चहा घेता काय?’

पुन्हा फोन.

‘वहिनी, आता लोकं विचारून राह्यले, टपरी कधी टाकली म्हनून!’

मी रडायलाच लागले. पहिलं काम, आणि मी लग्नसराईत माणसाचा धंदाच बदलून टाकला!

आईंनी सगळं ऐकून घेतलं. चौकोनात चहा त्यांनीच घालायला लावला होता, पण माझ्यासाठी बैठक रिकामी केल्यावर रागवायचा हक्क त्यांना होताच. त्या रागवल्या नाहीत. मोठं पातेलं गॅसवर ठेवलं.

‘विचारलं ना आपन? मंग पाजा लागन.’

थर्मास भरून त्या माझ्यापुढे चालू लागल्या. दुकानात मंडळी भाड्याच्या खुर्च्यांवर पाय पसरून बसलेली. आई चहा ओतायच्या आणि विचारायच्या, ‘घरी कोनाचं लगन हाय?’ आता चहा हातात आल्यावर माणूस खोटं कसं बोलणार! कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाकडे बारसं, कोणाच्या पोराचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. उठताना जो तो मांडव पक्का करूनच उठला.

‘साइट कोनं बनवली?’ एकानं विचारलं. एका वाक्यात गजूभाऊंना माझा धंदा बुडवता आला असता.

‘आमच्या वर्षावहिनीनं,’ ते म्हणाले. ‘पयलंच काम हाय तिचं. पन विचारपूस पाहा कशी हाय!’

त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही. आणि आईंचे तर कोणत्या तोंडानं सांगू?

संध्याकाळी गजूभाऊंच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. ती तिथं कंपनीत हेच काम करते. हसून हसून तिला बोलता येईना.

‘काकू, कुकी म्हणजे बिस्कीट नाही हो! साइट आपल्या मोबाइलमध्ये एक खूण ठेवते, माणूस परत आला की ओळखायला. ती ठेवू का, एवढंच विचारतात.’

‘मग आपल्या साइटवर किती खुणा आहेत?’

‘एकही नाही! तुम्हाला काही विचारायचीच गरज नव्हती!’

मी फोन ठेवला, फोटो परत लावले. चौकोन मात्र गजूभाऊंनी काढू दिला नाही.

पुढच्याच आठवड्यात गजूभाऊंच्या ओळखीनं यवतमाळच्या एका कपड्याच्या दुकानदाराचा फोन आला. आता मी शहाणी झाले होते. कुकी म्हणजे काय, हे त्यांना चांगलं रंगवून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘ताई, साइट तुमी कशीही करा. उद्घाटनाच्या चहाले सासूबाई येतीन ना?’

आईंना विचारलं. कंपनीची मालकीण म्हणून मला जरा वाईटच वाटत होतं. आईंनी पदर खोचला.

‘येतो म्हन ना! आन् तू बी चाल संगं. कपबश्या धुवाले कोनी तं लागन!’