ब्लेडचा कंगवा आणि अर्धा मिलिमीटर

"पुढचं मी बघतो. मागचं तुमी सांगा."

दर दुसऱ्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास हे वाक्य कानावर पडे आणि तिथेच माझा रविवार संपे. बोईसरला आमची दारं समोरासमोर. माझे शेजारी त्यांच्या गॅलरीत स्टुलावर बसलेले, गळ्याभोवती जुनी लुंगी, समोर खिळ्याला आरसा आणि हातात ब्लेडचा कंगवा. तुम्हीही तो पाहिला असेल. प्लास्टिकचा, दोन्हीकडे दात, मध्ये ब्लेड अडकवलेलं. स्टेशनबाहेर पथारीवर मोजे आणि मोबाइलची कव्हरं यांच्या शेजारी मिळतो. दुसरा आरसा त्यांच्या मानेमागे धरून उभं राहणं हे माझं काम. ते मी मागितलेलं नव्हतं. एकदा पाना मागायला म्हणून गेलो आणि त्यांच्या हाती लागलो, तो अकरा वर्षं सुटलो नाही.

ते मूळचे सांगलीकडचे. तारापूरच्या कारखान्यांत आमची कंपनी यंत्रांचे दांडे बनवते. मी तिथे स्टोअरला, ते फायनल तपासणीला. त्यांनी पास केलेला तुकडा बावीस वर्षांत गिऱ्हाइकाकडून एकदाही परत आला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. फक्त दुसऱ्याला सांगायला लावत. बिल्डिंगमध्ये त्यांना नुसतं 'इन्स्पेक्टर' म्हणत, त्यामुळे नवा भाडेकरू पहिले दोन महिने त्यांना वचकून असे.

सलूनवर त्यांचा राग होता तो तत्त्वाचा.

"न्हावी काय मोजतो का वो? अंदाजानं मारतो. अंदाजाचं काम मी डोक्यावर घेत नाय."

म्हणून ते मोजत. कानाच्या पाळीपासून कल्ल्यापर्यंत स्टीलची पट्टी लावत. डावीकडे अर्धा मिलिमीटर जास्त भरला की तिथे कंगवा फिरे. मग उजवी बाजू जास्त. मग पुन्हा डावी. ही बरोबरी शेवटी कुठे जाऊन थांबते ते पाहायला कल्ले उरत नसत.

एका रविवारी मला राहवलं नाही. "अहो, तुमचे कानच खालीवर आहेत. उजवा वर आहे."

ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी दार वाजवून म्हणाले, "तपासलं. तुमचं बरोबर हाय. आता नाकापासून मोजू."

नाकही मधोमध नव्हतं. पण मी गप्प बसलो. मलाही रविवार असतात.

सातपाटीहून मासे घेऊन येणारी मावशी जिन्यात टोपली उतरवता उतरवता त्यांच्याकडे पाहायची. "काय ओ भाऊ, रातचं उंदरानं कुरतडलं काय?"

"मावशी, हे माप घेऊन केलंय."

"मापानं? मंग उंदीर बरा. त्याला निदान भूक हाय."

लॉकडाउनमध्ये मात्र त्यांचे दिवस आले. सलून बंद, आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये ब्लेडच्या कंगव्याचा जाणकार एकच. लोक मास्क लावून जिन्यात अंतर ठेवून रांगेत उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले, तळमजल्यावरचे मास्तर, मी, आम्ही सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसू लागलो. सलूनं उघडली त्या दिवशी बिल्डिंग अर्धी रिकामी झाली. ते गॅलरीतून बघत होते. "गेले अंदाजाकडं," एवढंच म्हणाले. मीही जाणार होतो. पण आरसा कुणी धरायचा?

गेल्या वर्षी एका रविवारी कंगवा मानेवर अडकला. एक पुंजका मुळापासून गेला.

"ब्लेड बोथट झालंय," ते म्हणाले.

नवं ब्लेड लावलं. पुन्हा तेच. तिसरं लावताना ते खाली पडलं, आणि मग उचलता येईना. दोन बोटांची चिमूट त्या पातळ पत्र्याभोवती थरथरत राहिली. आरसा माझ्या हातात होता. मला पुढचंही दिसत होतं आणि मागचंही.

"हात दाखवा डॉक्टरला," मी म्हटलं.

"ब्लेडचा दोष हाय."

"हे तिसरं ब्लेड आहे."

ते बराच वेळ लुंगीवरचे केस झटकत राहिले. मग हळू म्हणाले, "डॉक्टर कागदावर लिहिणार. कंपनी मला फायनलवरून काढणार. गेटवर खुर्ची देणार, गाड्यांचे नंबर लिवायला. दीड वर्ष राह्यलंय. मला मायक्रोमीटर हातात असतानाच रिटायर व्हायचंय."

मी आरसा स्टुलावर ठेवला. "दाखवत नाही तोवर मी धरणार नाही."

तुम्हाला वाटेल, एवढ्या धमकीने माणूस विरघळेल. त्यांनी केस वाढवले. कानावर आले, कॉलरवर आले. कंपनीत पोरं विचारू लागली, "साहेब, तबला शिकताय का?" ते मनगट टेबलाच्या कडेला दाबून दांडे मोजत बसत. पूर्वी एका दांड्याला लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लागे. एकेक तीनदा मोजत. मी स्टोअरच्या काचेतून बघत असे आणि मॅनेजरसाहेबांना सांगावं की नाही याचा हिशेब करत असे. सांगितलं तर शेजारी गेला. नाही सांगितलं आणि एखादा दांडा परत आला, तर त्यांची बावीस वर्षं गेली. अशा कात्रीत दुसऱ्याला अडकवून स्वतः शांतपणे डबा खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका सकाळी त्यांच्या बायकोने, वहिनींनी, मला जिन्यात गाठलं. "भावजी, काल एकटेच बसले हो कंगवा घेऊन. कान कापला. हळद लावायला गेले तर म्हणतात, तो कान तसा जास्तच होता."

"मी काय करू, वहिनी?"

"काय नको. नुसतं शेजारी ऱ्हावा."

मी मॅनेजरसाहेबांना सांगायचं ठरवलं होतं, सोमवारी. पण सोमवारी मला वेळच मिळाला नाही.

आमच्याकडे मोजायचं हत्यार बिघडलं की त्याला लाल पट्टी चिकटवून बाजूला ठेवतात, म्हणजे चुकून कुणी वापरू नये. त्या सोमवारी ते शर्टाच्या खिशावर लाल पट्टी चिकटवून, कानाला कापूस लावून, ते अवाढव्य केस घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"माझा हात थरथरतो. मागच्या तीन महिन्यांचा माल पुन्हा मोजा. गाडी सोडू नका."

गोदामात होता तो सगळा माल दोन दिवस मोजला गेला. गेला होता त्यासाठी गिऱ्हाइकाकडे माणूस पाठवला. एकही तुकडा चुकलेला निघाला नाही. याचा आनंद व्हावा की नाही? ते माझ्यावर भडकले. "सगळे बरोबर? मोजणाऱ्यानं नीट मोजलं नसणार!"

मग ते पालघरला डॉक्टरकडे गेले. गोळ्या मिळाल्या, आणि त्यांना भीती होती तशी गेटवरची खुर्चीही मिळाली. पहिल्या दिवशी ड्यूटी संपवून आले आणि माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "चला. कुठं जाता तुमी लोक?"

बाजारातल्या सलूनमध्ये ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले, दवाखान्यात बसतात तसे. कारागीर उत्तरेकडचा, पन्नाशीचा. त्याने मानेवरचे पुंजके बोटाने चाचपले.

"साब, ये किसने काटा?"

"मैंने."

"अच्छा," तो म्हणाला. त्याने पांढरं कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. कापडाखाली उजव्या हाताच्या जागी बारीकशी थरथर चालू होती. कात्री चालू लागली. त्याने मोजपट्टी लावली नाही. डोकं हाताने थोडं पुढे झुकवलं आणि कापत राहिला. मी पेपर घेऊन बसलो, पण वाचत नव्हतो. आता ते "अंदाज!" म्हणून उठतील, याची वाट पाहत होतो.

पाच-सात मिनिटांनी त्यांची मान जरा कलली. डोळे मिटले होते. हलकं घोरणं ऐकू आलं. कापड अगदी स्थिर झालं होतं, कुठेही सुरकुती हलत नव्हती.

केस कापून झाले. कारागिराने माझ्याकडे पाहिलं. "जगाऊँ?"

बाकावर दोन गिऱ्हाइकं थांबली होती. मी त्यांना म्हटलं, "जरा बसा. घाई नाही ना?"