म्हशीच्या कानातले गोचीड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझा शोधनिबंध वाचलेला नाही — आणि खरं सांगू? ज्यांनी त्याचा हवाला दिलाय, त्यांतल्याही बहुतेकांनी तो वाचलेला नाही.

मी विषाणूंवर काम करतो. आमच्यात माणसाची उंची सायटेशनवर मोजतात. दुसऱ्याने आपल्या निबंधाच्या तळाशी तुमचं नाव लिहिलं की तुमचा आकडा एकने वाढतो. ते बघून तिसरा उतरवतो, मग चौथा. मेंढरं निदान पुढे गवत आहे का एवढं तरी बघतात. हे सगळं कळत असून मी रोज सकाळी चहाच्या आधी माझा आकडा बघतो.

गेल्या वर्षी शहापुरात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, मला स्वतःला ओळखू येणार नाही इतक्या गोऱ्या फोटोचं बॅनर. सूत्रसंचालकाने माझ्या निबंधांची इंग्रजी नावं अडखळत वाचली. लोकांनी प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्या, मी प्रत्येक टाळीला मान लववली. दोघांपैकी जास्त हास्यास्पद कोण होतं?

ही शाल ज्या निबंधावर मिळाली, तो मुरबाडच्या डोंगराखालच्या एका पाड्यावरचा. त्यात लिहिलंय की गोचीड जंगलातून गोळा केले. पांढरी चादर गवतावरून ओढत न्यायची आणि तिला चिकटलेले गोचीड चिमट्याने टिपायचे, अशी ही पद्धत. सहा दिवस केलं, असंही लिहिलंय.

केलं एक सकाळ.

चादरीला कुसळं तेवढी चिकटली. पाड्यावरच्या बाया मोहाची फुलं वेचायला आल्या होत्या, त्या वेचायचं सोडून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांतली ताराबाई मला ओळखायची. माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते.

"मास्तरच्या पोरा, रान झाडतोस का चादर वालत घालतोस रे?"

सगळ्या हसल्या. मग जवळ येऊन म्हणाली, "गोचीडच पायजेत ना? माज्या म्हशीच्या कानात बग. इथं कशाला उन्हात मरतोस?"

मी चादरीची घडी घातली. उरलेले पाच दिवस तिच्या ओट्यावर कोरा चहा पीत कादंबरी वाचली. ती गोठ्यात उघड्या हातांनी गोचीड उपटून माझ्या बाटल्यांत भरत होती. माझ्या पिशवीत हातमोज्यांचं अख्खं खोकं होतं. तिला द्यायचं सुचलं नाही, असं तुम्हाला सांगणार होतो — पण सुचलं होतं. उठायचा कंटाळा आला.

त्या गोचिडांत माणसाला जीवघेणा ताप आणणारा विषाणू सापडला. बाटल्यांवर मी लिहिलं — 'जंगल'. 'गोठा' लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? जंगल म्हटलं की परदेशी नियतकालिकं ताठ बसतात. जंगलातल्या गोचिडांत तो विषाणू असतो का, मला आजही ठाऊक नाही. मी तिथला एकही तपासलेला नाही.

निबंधाच्या आधारावर पाड्यापाड्यावर फलक लागले — रानात जाऊ नका. गोठ्याबद्दल त्यावर अवाक्षर नव्हतं. पुढच्या वर्षी मोह झाडाखालीच कुजला. ताराबाई घरी राहिली, म्हशीचं करत राहिली. आणि तिला ताप आला.

वाचली. सत्कारानंतर गाडी हाताशी होती म्हणून बघायला गेलो. तिचे दोन्ही हात थरथरत होते. सून तिला बशीतून चहा पाजत होती.

"मी नाय रे गेले रानात," ताराबाई म्हणाली. "एक दिस नाय गेले. मास्तरच्या पोरानं सांगलंय, म्हटलं ऐकावं. तरी कसा आला ताप?"

याचं उत्तर जगात एकट्या मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "असतं असं कधी कधी, मावशी."

मग तिने विचारलं, "तुज्या पुस्तकात माजं नाव हाय ना?"

"आहे," म्हणालो.

"बग गो," ती सुनेला म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

सून हसली, बशी खाली ठेवली आणि गोठ्यात गेली. आता म्हशीचे गोचीड तीच काढते. मी दारातून पाहिलं — उघड्या हातांनी. मग गाडीत बसलो.

दुरुस्ती छापायला दोन ओळी पुरतात. पण त्या लिहिल्या की निबंध मागे घ्यावा लागेल, आणि त्याच्या नावावरचे सगळे हवाले जातील. म्हणून लिहिल्या नाहीत. दुसरं कारण नाही.

आज सकाळी चहाच्या आधी आकडा पाहिला. एकने वाढला होता. मला बरं वाटलं.