चाळिसाव्या फील्डनंतर

मी बी.एस्सी., डी.एम.एल.टी. आहे. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. इथे कुणी अनुभव लिहिला की खाली पहिली कॉमेंट ठरलेली असते - "काय घेऊन बसला होता?" - म्हणून आधीच सांगून टाकते. चहा घेतला होता. बिनदुधाचा, कारण दूध फाटलं होतं.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या कुडाळकडच्या गावात प्रत्येक मोठ्या झाडाला एक राखणदार. लहानपणापासून ऐकून ऐकून माझे कान किटले होते. नोकरीला लागल्यावर तर मी सरळ म्हणायचे, त्या राखणदाराच्या बोटाला सुई टोचा, काचेवर थेंब घ्या, माझ्याकडे पाठवा, मग बघू. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही.

तर २००४ सालची गोष्ट. मालवण तालुक्यात खाडीच्या तोंडाशी एक प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, गावाचं नाव सांगत नाही. तिथे मी लॅब टेक्निशियन होते, कंत्राटावर. लॅब म्हणजे एक खोली, एक ओटा, एक बेसिन आणि पश्चिमेला एक खिडकी. खिडकीतून शंभरेक पावलांवर माड, माडांच्या पलीकडे खाडी. सुकतीच्या वेळी, म्हणजे ओहोटीला, मध्ये वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडायचा आणि बायका तिथे खुबे, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरायच्या. भरतीला तो पट्टा गडप.

माझं मुख्य काम मलेरियाचं. आरोग्य सेवक घरोघरी फिरून तापाच्या माणसांचं रक्त काचेवर घेऊन यायचे, मी ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. आमचे परबकाका हे सेवक. शिकलेले दहावी, पण काच नुसती उजेडात धरून सांगायचे, "बाय, थेंब जाड झालो, धुताना सुटतलो." आणि सुटायचाच. मला त्याचा फार राग यायचा, कारण डिप्लोमा माझ्याकडे होता.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भिंगातून एका वेळी रक्ताचा जो इवलासा गोल तुकडा दिसतो, त्याला फील्ड म्हणतात. काच सरकवत सरकवत अशी शंभर फील्ड बघायची आणि शंभरात काही सापडलं नाही तरच रजिस्टरला "निगेटिव्ह" लिहायचं, असा नियम. दुसरी गोष्ट उजेडाची. लोडशेडिंग असलं की बल्ब बंद. मग मी जुना, एका डोळ्याचा सूक्ष्मदर्शक काढून खिडकीत ठेवायचे. त्याच्या खाली छोटा आरसा असतो, तो फिरवून आभाळाचा उजेड वर घ्यायचा. आरसा आणि मधलं भिंग एका ठरावीक जागी आलं की गंमत होते... बाहेरचा देखावाच फील्डमध्ये उतरतो. निळ्या-जांभळ्या रक्तावर माड डुलताना दिसतात. होड्यांच्या डोलकाठ्या दिसतात. यात चमत्कार काही नाही, कुठल्याही टेक्निशियनला विचारा. काच सरकवली की रक्त सरकतं, माड आपले जागच्या जागी.

गणपती नुकतेच गेले होते. मुंबईचे चाकरमानी येऊन गेले की मागे ताप ठेवून जातात, तशी त्या वर्षी घरोघरी तापाची माणसं होती. सुट्ट्यांमुळे काचांचा ढीग पडला होता. मी भराभर उरकत होते. आणि आता लिहूनच टाकते, कारण इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही - मी शंभर बघत नव्हते. चाळीस झाली की पेन उचलत होते. सगळेच असं करतात, असं मी स्वतःला समजावलं होतं.

सकाळचे साडेअकरा. वीज गेलेली. ऊन पडलेलं, वारा जवळजवळ नाही. पुढची काच वंदनाची होती. कोळीवाड्यातली सून, वय वीस-बावीस, पाचवा महिना, आठ-दहा दिवस ताप. नेहमीच्या गोळ्या दिल्या होत्या, ताप हटत नव्हता. चाळीस फील्ड झाली. काही नाही. मी रजिस्टरला "निगेटिव्ह" लिहिलं आणि काच काढण्याआधी सहज पुन्हा डोळा लावला.

माडांच्या पायथ्याशी, वाळूवर, एक बाई होती.

मला काहीच वाटलं नाही. दिसतात माणसं, सांगितलं ना. नऊवारी, काष्टा वर खोचलेला, उजव्या कमरेला टोपली. एवढीशी, तांदळाच्या कणीएवढी. वाकायची, डाव्या हाताने वाळूतून काहीतरी उचलायची, टोपलीत टाकायची, एक पाऊल पुढे. पुन्हा वाकायची. तिच्या खालून रक्ताचा तो फिकट निळा पसारा सरकत होता, कारण माझं बोट आपोआप काच सरकवत होतं. ती चालते म्हणून मी सरकवते, की मी सरकवते म्हणून ती चालते, हेच कळेना. बाहेर कावळा ओरडत होता तो कुठेतरी दूर गेला. बेसिनचा नळ ठिबकायचा, तोही ऐकू येईना. मला इतकं शांत, इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! लहानपणी तापात आई कपाळावर हात ठेवून बसायची, तेव्हा वाटायचं तसं. घाई म्हणून उरलीच नव्हती. किती फील्ड गेली ते मी मोजलं नाही.

मग ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. हात वाळूवर ठेवलेला, उचलेना. मी वाट बघत होते की आता उठेल, मग उठेल. आणि बघता बघता तिच्या हाताखाली मला ते दिसलं. केळ्यासारखं बाकदार, मधे काळसर ठिपके. फाल्सिपेरम. मेंदूवर जाणारा मलेरिया म्हणतात, तो.

अंगातून वीज गेल्यासारखी मी भानावर आले. मधलं भिंग जरा खाली घेतलं. माड गेले, वाळू गेली, बाई गेली. केळं तिथेच होतं. आजूबाजूला शोधलं तर आणखी तीन सापडली. रजिस्टरमधला शब्द इतक्या जोरात खोडला की कागद फाटला.

परबकाका दारात विडी ओढत होते. डॉक्टरांकडे धावता धावता मी त्यांना विचारलं, खाडीत खुबे कोण काढतंय, बघा जरा. त्यांनी मानही वळवली नाही.

"बाय, डोळे तपासून घे गो. आज पुनव, ऐन भरती. थंय आता गळ्याभर पाणी आसा, खुबे कोण काढतला?"

मी खिडकीशी परत गेले. खाडी काठोकाठ भरलेली. पाणी थेट माडांच्या मुळांपर्यंत, नुसतं चकाकत होतं. (आणि हो, पौर्णिमाच होती. अमावास्या होती का, म्हणून विचारू नका.)

डॉक्टर आणि काका जीप घेऊन वंदनाच्या घरी गेले तेव्हा ती असंबद्ध बडबडत होती, नवऱ्यालाही ओळखत नव्हती. तशीच तिला ओरोसला, जिल्हा रुग्णालयात नेली. दोन दिवस काही खरं नव्हतं. खोडलेला शब्द डोळ्यांपुढून हलत नव्हता. आधीच्या ढिगातल्या सगळ्या काचा मी पुन्हा काढल्या आणि प्रत्येकीची शंभर-शंभर फील्ड बघितली. त्यांत काही निघालं नाही, पण माझी लाज काही कमी झाली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, ताप उतरला, पोटातलं बाळ ठीक आहे. मी बेसिनपाशी उभी राहून रडले. काकांनी बघितलं आणि नवीन काचा ओट्यावर ठेवून गेले.

पंधरा-वीस दिवसांनी वंदना पुन्हा रक्त तपासायला आली. अशक्त झाली होती, पण हसत होती. म्हणाली, ताई, तुमीच शोधून काढलात म्हणतत डॉक्टर. मला ते सहन होईना. म्हणून मी तिला त्या बाईबद्दल सांगितलं... वाळू, टोपली, वाकलेली, सगळं. वाटलं हसेल, निदान घाबरेल. ती दोन्हीपैकी काही करेना. तिने एवढंच विचारलं,

"ताई, खुबे खंयच्या हातान काढी होती ती?"

मी म्हटलं, डाव्या.

तिने पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "माझी आवस सगळा डाव्या हातान करी. लोका हसत तिका."

आई तिच्या लहानपणीच गेली होती. याच पट्ट्यावर खुबे काढून विकायची. तापाने गेली, कसला ताप ते कुणाला कळलं नाही, कारण तेव्हा गावात हे केंद्रच नव्हतं आणि रक्त बघणारं कुणी नव्हतं. हे सगळं तिने शांतपणे सांगितलं आणि जाताना खिडकीशी जरा थांबली. सुकती होती, चार बायका वाळूवर वाकलेल्या होत्या. पुढे तिला मुलगी झाली, पेढे द्यायला स्वतः आली होती.

वंदनाला मी दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. एक, चाळिसाची. ती आज इथे सांगितली, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, ऐकून घेईन.

दुसरी आरशाची. आरशात डाव्याचं उजवं होतं. भिंगं उलटं करतील, पण डाव्याचं उजवं फक्त आरसा करतो. म्हणजे ती बाई बाहेर वाळूवर असेल आणि आरशातून माझ्या डोळ्यापर्यंत आली असेल, तर तिचा खरा हात उजवा. मग ती वंदनाची आई नव्हे. मग कुणीही असेल, माझी काही तक्रार नाही. पण बाहेर वाळूच नव्हती, गळ्याभर पाणी होतं.

आणि हात खरोखरच डावा असेल, तर ती आरशातून आलीच नाही. आरसा तर काचेच्या खाली असतो. आरसा सोडला तर मग फक्त ती काच उरते, वंदनाच्या रक्ताची.

आता बल्बवाला नवीन सूक्ष्मदर्शक आहे, त्यात माड उतरत नाहीत. पण शंभर मोजते. शंभराव्या फील्डवर जरा थांबते आणि मगच पेन उचलते.