पेट्रोल संपणार होतं

माझ्या थोरल्या भावाने कधी टॅक्सी चालवली नाही, आणि त्याला कारण मी आहे. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. दादापुढे तर नाहीच.

आम्ही या बेटावरच्या कांप दे मास्क गावचे. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडून ऊस तोडायला जायला सुरुवात केली आणि मला शिकवलं. मी राजधानीत, पोर्ट लुईला, सरकारी कचेरीत लागलो. तेव्हापासून आमच्या घरात एक रीतच पडली. कुणाचं लग्न असो की घरावर स्लॅब घालायचा असो, रविवारपर्यंत थांबायचं आणि मी बसने घरी आलो की मला विचारायचं. मी रोज पेपर वाचतो, एवढंच त्यामागचं कारण. मी जे म्हणेन ते व्हायचं.

चौऱ्याहत्तर साली साखरेला कधी नव्हे तो भाव आला. आमच्या एवढ्याशा उसाचेही बरे पैसे झाले. त्यातच दादाला टॅक्सीचा परवाना मंजूर झाला, गावच्या स्टँडवर एक जागा मिळाली. अट अशी की ठरलेल्या मुदतीत गाडी रस्त्यावर आणायची, आणि ती फार जुन्या सालची नसावी. सें पिएरच्या एका गॅरेजात बहात्तरचं मॉडेल विकायला होतं. काळं, चार दारांचं. दादा दोनदा जाऊन नुसता आत बसून आला होता.

“बहात्तरचं हाय,” तो मला म्हणाला. “आत धुळीचा कण न्हाय. घेऊ का लोटो?” मोटारीला आमच्याकडे लोटोच म्हणतात.

“भावजी, हो म्हणा एकदाचं,” वहिनी आतून ओरडली. “हे झोपेत गिअर टाकतात. परवा माझाच हात धरून तिसरा टाकला!”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. सात वर्षं मी शर्टाला इस्त्री करून बसमध्ये उभा राहत होतो, आणि सहावीसुद्धा पास न झालेला माझा भाऊ माझ्याआधी गाडीत बसणार होता. ज्याच्या घामावर मी शिकलो, त्याचंच मला बघवेना.

त्या दिवसांत तेलाचे भाव भडकले होते आणि पेपरात एक लेख आला होता: तेलाचे साठे कधीतरी संपतील, परदेशात बॅटरीच्या गाड्यांवर काम चालू आहे, कदाचित पुढे त्याच रस्त्यावर येतील. त्यातला ‘कदाचित’ मी गाळला.

“दादा, घाई करू नकोस,” मी म्हणालो. “पेट्रोल संपत आलंय. दहा वर्षांत या गाडीचं कोंबड्यांचं खुराडं होईल. आता बॅटरीच्या गाड्या येणार. रात्री घरच्या प्लगला लावायची, सकाळी तयार. ते मॉडेल येऊ दे, मग घे.”

“लेसांस खरंच संपणार?” पेट्रोलला तो लेसांस म्हणायचा.

“पेपरात आलंय.”

वहिनी चुलीकडे वळली.

मुदत गेली. स्टँडवरची जागा दुसऱ्याला मिळाली. दादा पहिल्यासारखाच भाजीच्या टोपल्या बसच्या टपावर चढवून फ्लाकच्या बाजारात नेत राहिला. दर नव्या वर्षाला मला विचारायचा, “काय रं, औंदाच्या मॉडेलात आली का बॅटरी?” मी म्हणायचो, पुढच्या. गाडीचा नुसता मागचा दिवा बघून तो साल सांगायचा, हे शहात्तरचं, हे एकोणऐंशीचं. स्टँडवरच्या ड्रायव्हरांची त्याला मनापासून कीव यायची. “बिचारे. लेसांस संपल्यावर काय करतील?” आणि ते ड्रायव्हर त्याला ‘बातरी’ म्हणून हाक मारायचे. “ए बातरी, आज प्लगला लावलं न्हाई का तुला?” मी शेजारी उभा असायचो आणि ऐकायचो.

मग मला बढती मिळाली आणि वरच्या अधिकाऱ्यांना मिळते तशी करमाफीची गाडी घेण्याची सवलतही. मी चौऱ्याऐंशीचं जपानी मॉडेल घेतलं. पेट्रोलचं. नव्या गाडीची पूजा घरच्या दारातच व्हायला हवी, म्हणून गावी घेऊन गेलो.

तोवर दादाला मधुमेहाने धरलं होतं. पायाची जखम भरत नव्हती, डोळ्यांना अंधुक दिसायचं. वहिनीने गाडीला कुंकू लावलं, नारळ ओवाळला. दादा पत्र्यावर हात फिरवत गाडीभोवती फिरला.

“प्लग कुठं लावायचा रं?”

तो थट्टा करत नव्हता. चाचपडत त्याच्या बोटांना टाकीचं झाकण लागलं. त्याने ते उघडलं, वाकून वास घेतला आणि तसाच वाकलेला राहिला.

“लेसांस,” तो म्हणाला. मग झाकण लावत, “म्हंजे तू न्हाय थांबलास.”

त्यानंतर मी वेड्यासारखा धावलो. परवान्याच्या कचेरीत हात जोडले. नवा अर्ज करता येईल, पण ड्रायव्हर डोळ्यांच्या तपासणीत पास हवा, असं कळलं. दादाला डॉक्टरकडे नेलं. दहा पावलांवरच्या तक्त्यावरचा आकडा त्याला वाचता आला नाही. निदान माझी गाडी त्याच्या नावावर करावी म्हटलं, तर करमाफीची गाडी इतक्यात दुसऱ्याच्या नावावर होत नाही. त्या दिवशी उसाच्या शेताकडेला गाडी थांबवून मी स्टिअरिंगवर डोकं आपटलं. माझ्या हातात आता काहीच उरलं नव्हतं.

दर शनिवारी मी त्याला पाय धुऊन पट्टी बदलायला दवाखान्यात नेतो. तो पुढे बसतो आणि पेट्रोलच्या काट्याजवळ तोंड नेऊन विचारतो, “अजून किती हाय?” गेल्या शनिवारी स्टँडजवळ एका म्हातारीने हात केला. तिला आमची गाडी टॅक्सी वाटली. मी नाही म्हणणार, तोच दादाने काच खाली केली.

“मोंते, मावशी, मोंते! बसा.”

ती मागे बसली. दादा वाटभर मला सांगत राहिला, इथं हळू घे, पुढं वळण हाय, मावशीला हिसका बसंल. दवाखान्याच्या फाटकात तिने उतरून त्याच्या हातावर नाणी ठेवली. त्याने मूठ मिटली, मग माझ्यापुढे उघडली.

“घे. तुझ्या लेसांसचे.”

मी हात पुढे केला नाही. आता सांगावं, असं वाटलं. दादा, पेपरात कदाचित लिहिलं होतं. मला तुझं बघवलं नव्हतं. मी तोंडही उघडलं.

“आरं, डावीकडं घे ना,” दादा म्हणाला. “सवारी उतरल्यावर टॅक्सी दारात उभी करू न्हाय.”

मी गाडी डावीकडे घेतली.